कोण विचारतंय!

माणसाची किंमत गेली हे सांगायला मराठीत एक वाक्य पुरतं. 'आता त्यांना कोण विचारतंय!' सत्ता गेलेला पुढारी असो, निवृत्त झालेला साहेब असो की अंथरुणाला खिळलेला म्हातारा, सगळ्यांची वासलात या एका वाक्यात लागते. मूल्य, प्रतिष्ठा वगैरे शब्द आपण भाषणांसाठी राखून ठेवलेत. घरात माणसाची किंमत विचारपुशीवर ठरते.

माझ्या आत्याच्या शेवटच्या दोन वर्षांत हे वाक्य तिच्याबद्दल कोणी उच्चारलं नाही. पण त्याचं सख्खं भावंड मी रोज ऐकलं: 'तिला आता काय कळतंय.' आत्याला स्मृतिभ्रंश झाला होता. आधी किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरली, मग किल्ल्या कशाला असतात तेही. जिला दाविदाची निम्मी स्तोत्रं पाठ होती, तिची प्रभूची प्रार्थना 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एवढ्यावर येऊन थांबायची आणि तिथेच गोल फिरत राहायची. एकदा तिला तपासायला नेलं तेव्हा मी तिच्या डोक्यावरून डॉक्टरांशी बोलत होतो. 'यांना रात्री झोप नसते, या मध्येच चिडतात.' ती दोघांच्या मध्ये बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. परत येताना लक्षात आलं, त्या अर्ध्या तासात आम्ही दोघांपैकी एकानंही तिला काही विचारलं नव्हतं. आणि तिच्या औषधांची पिशवी हातात धरून, तिच्याविषयी आपल्याला किती माया आहे असं मी मनात घोळवत होतो.

देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं, हे बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायाचं वाक्य. ख्रिस्ती घरातल्या मुलाला ते संडे स्कूलमध्ये इतक्या लवकर पाठ होतं की त्याचा अर्थ विचारायचा राहूनच जातो. माझाही राहिला होता. माणसाचं मोल कशात, याचं ख्रिस्ती उत्तर याच वाक्यापासून सुरू होतं. नवव्या अध्यायात तर मनुष्यहत्या का वर्ज्य, याचं कारण म्हणून तेच पुन्हा येतं. पण ते प्रतिरूप माणसात असतं कुठे? शरीरात म्हणावं तर देवाला शरीर नाही. मग शतकानुशतकं चर्चच्या विद्वानांनी बोट दाखवलं ते बुद्धीकडे. ऑगस्टीननं (354–430) मनाच्या तीन शक्तींमध्ये त्र्यैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच देवाची, छाया पाहिली: आठवण, आकलन आणि इच्छा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनंही प्रतिरूप ठेवलं ते माणसाच्या विचार करणाऱ्या, देवाला ओळखू शकणाऱ्या स्वभावातच. पशूंपेक्षा माणूस वेगळा कशानं, या प्रश्नाचं ते सरळ उत्तर होतं, आणि हुशार माणसांना हुशारीतच देव दिसावा यात नवल ते काय.

आत्याच्या खोलीत बसून हे वाचताना मात्र गोची होते. ऑगस्टीनच्या यादीतली पहिलीच शक्ती आठवण. तीच गेली. आकलन तिच्या मागोमाग. उरली इच्छा, ती बहुतेक वेळा खिडकी उघड नाहीतर लाव एवढीच. मग प्रतिरूपही हप्त्याहप्त्यानं गेलं म्हणायचं का? थॉमसच्या बाजूनं सांगायला हवं की तो शक्तीपेक्षा स्वभावाबद्दल बोलतो. झोपलेल्या माणसाची बुद्धी जशी नाहीशी होत नाही, तसंच हे. पटण्यासारखं आहे. तरी त्या खोलीत ते मला कायद्याच्या पळवाटेसारखं वाटायचं.

1979 मध्ये सीरियात तेल फेखेरिये इथे एक दगडी पुतळा सापडला, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला. त्यावर एकच मजकूर अश्शूरी आणि अरामी अशा दोन भाषांत कोरलेला आहे. अरामी मजकूर त्या पुतळ्यासाठी जे दोन शब्द वापरतो, त्यांचीच हिब्रू भावंडं उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आहेत: त्सेलेम आणि दमूत, प्रतिरूप आणि सादृश्य. (गंमत म्हणजे ज्यांचा हा पुतळा ते गृहस्थ अश्शूरी मजकुरात नुसते सुभेदार आहेत आणि अरामी मजकुरात राजे. आपल्या लोकांच्या भाषेत बढती घेणं तेव्हापासूनच चालत आलंय.) त्या काळी राजानं दूरच्या प्रांतात आपला पुतळा उभा करायचा तो 'इथे माझी सत्ता आहे' हे सांगायला. शिवाय देवाचं प्रतिरूप ही पदवी राजांना लावली जायची, कुंभाराला किंवा दाईला नव्हे. उत्पत्तीच्या लेखकानं ती पदवी उचलून सरसकट सगळ्यांना देऊन टाकली, आणि नर व नारी असं स्पष्ट म्हटलं. अशा वाचनात प्रतिरूप ही माणसाच्या आतली एखादी ताकद राहत नाही. पुतळ्याला बुद्धी कुठे असते? त्याचा मान, तो कोणाचा आहे यावरून. पुतळ्याचं नाक तुटलं म्हणून तो कोणाचा हे बदलत नाही.

बायबलातला देव फार प्रश्न विचारतो, हे मला अलीकडे जाणवू लागलंय. आज्ञा देणारा देव आपल्या डोक्यात पक्का बसलाय, पण माणूस चुकल्यावर त्याच्या तोंडून निघणारं पहिलं वाक्य प्रश्न आहे: तू कोठे आहेस? काइनानं हाबेलाला मारल्यावरही आधी प्रश्नच: तुझा भाऊ कोठे आहे? काइन तुसडेपणानं उलट विचारतो, मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय? या उलट प्रश्नाला देव हो किंवा नाही म्हणत नाही. भावाचं रक्त जमिनीतून ओरडतंय, एवढंच सांगतो. नैतिकता कुठून येते यावर ग्रंथांचे ढीग आहेत. मला त्या सगळ्यांच्या आधी हा प्रसंग आठवतो. इथे दहा आज्ञा अजून दिलेल्या नाहीत, सिनाय पर्वत बराच दूर आहे, तरी काइनाला आपण काय केलंय हे कळतं. कारण त्याला विचारलं जातं.

आणि हागार. साराय आणि अब्राम यांची ही मिसरी दासी. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात ती दोघं तिच्याविषयी बरंच बोलतात, तिच्या पोटचं मूल कोणाचं हेही ठरवतात, पण एकदाही तिचं नाव घेत नाहीत. 'माझी दासी', 'तुझी दासी'. ती छळाला कंटाळून रानात पळून जाते, आणि झऱ्याजवळ देवदूत तिला गाठतो. त्या अध्यायात तिला नावानं हाक मारणारा तो पहिला. हागारे, तू कोठून आलीस आणि कोठे चाललीस? ती गुलाम बाई मग देवालाच नाव ठेवते: मला पाहणारा देव. बायबलात देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती हीच. पुढचा भाग मात्र घशात अडकतो. देवदूत तिला मालकिणीकडे परत जायला सांगतो. मोठं वचन देतो, तरी परत पाठवतो. या ठिकाणी प्रवचनकार जरा भरभर पुढे सरकतात, असा माझा अनुभव आहे.

सॉक्रेटिसाचा जुना पेच इथे येणारच. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून चांगली, की चांगली आहे म्हणून देवांना आवडते? पहिलं मानलं तर देवानं उद्या क्रौर्याची आज्ञा दिली की क्रौर्य पुण्य ठरेल. दुसरं मानलं तर चांगुलपणा देवाहून वेगळा उभा राहिला, मग देवाचं काम काय? चौदाव्या शतकातला ओकमचा विल्यम पहिल्या बाजूला बराच झुकला. मुख्य प्रवाहानं मात्र पेचाची दोन्ही टोकं नाकारली: चांगुलपणा हा देवाचा स्वभावच, तो ना देवाच्या लहरीवर अवलंबून, ना देवाच्या वर. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट ॲडम्स यांनी विसाव्या शतकात त्यात एक अट घातली. कर्तव्य निर्माण होतं ते प्रेमळ देवाच्या आज्ञेतून. क्रौर्यासाठी क्रौर्य करायला सांगणारी आज्ञा आली तर ती बांधील नाही. मला ही अट आवडते, आणि तिच्यामुळे थोडी बेचैनीही येते. कारण आज्ञा प्रेमळ आहे की नाही हे ओळखायला माझ्याकडे आधीच काहीतरी माप असायला हवं. ते कुठून आलं?

येशूचा प्रेषित पौल म्हणतो, आतूनच. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो लिहितो की ज्यांच्याकडे मोशेचं नियमशास्त्र नाही असे परराष्ट्रीयही स्वभावतः त्यातल्या गोष्टी करतात; त्यांच्या अंतःकरणावर तो लेख लिहिलेला आहे आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी साक्ष देते. देव न मानणारा माणूस सज्जन असू शकतो का, या वादाचा निकाल या वाक्यानं कधीच लावलाय. नक्कीच असू शकतो, आणि कित्येकदा आमच्यापेक्षा जास्त. उरतो तो वेगळा प्रश्न, की त्या सज्जनपणाच्या मुळाशी काय आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत कालवून आमच्यातले कित्येकजण निरीश्वरवाद्यांशी भांडायला जातात आणि हरून येतात, ते योग्यच.

अब्राहामाची, म्हणजे हागारच्या गोष्टीतल्या त्याच अब्रामाची, गोष्ट तर या मापाचा उघड वापर आहे. सदोम नगराचा नाश होणार कळल्यावर तो देवाला अडवून विचारतो, सगळ्या जगाचा न्याय करणारा स्वतः न्यायानं वागणार नाही काय? आणि पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत घासाघीस करतो. देव रागावत नाही, प्रत्येक वेळी उत्तर देतो. चार अध्यायांनंतर त्याच्या मुलाचा, इसहाकाचा, बळी मागितला जातो तेव्हा हाच अब्राहाम तोंडातून एक शब्द काढत नाही, पहाटे उठून गाढवावर खोगीर घालतो. परक्या गावासाठी भांडणारा बाप मुलासाठी गप्प का? डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दनं 1843 मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते वाचूनही माझ्या मनातली गाठ सुटली नाही, आणि सुटली असं सांगणाऱ्यांपासून मी जरा लांबच राहतो.

साधारण 380 च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या न्यिसा इथले बिशप ग्रेगरी प्रवचन देत होते. बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकात एक वाक्य आहे, मी दासदासी विकत घेतले. त्या वाक्यावर ते थांबले आणि हिशेब मागायला लागले. किती ओबोल मोजलेस बुद्धीसाठी? देवाच्या प्रतिरूपाला किती नाणी लावलीस? पृथ्वीवर सत्ता ज्याच्या हाती दिली गेली त्याला विकणारा कोण, घेणारा कोण? खरेदीखताच्या कागदानं तुला फसवलंय, असंही ते म्हणाले. सुख, दुःख, आजार, मरण दोघांचं सारखंच, मग धन्याचं जास्तीचं ते काय? गुलामांशी नीट वागा असं सांगणारे त्या काळात होते. गुलामगिरी हीच मुळात चूक, असं इतक्या थेटपणे सांगितल्याचं प्राचीन जगातलं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. मला वाटतं यामागे त्यांच्या थोरल्या बहिणीचा, माक्रिनाचा, हात असावा. तिनं आपल्या आईला मोलकरणींकडून सेवा करून घेणं सोडायला लावलं आणि त्यांच्याच पंगतीला बसवलं, हे ग्रेगरींनीच लिहून ठेवलंय. विचार मांडणाऱ्या भावाच्या आधी घरात तो करून दाखवणारी बहीण होती.

एवढं स्पष्ट प्रवचन झाल्यावर काय झालं? काही नाही. चर्च आणि ख्रिस्ती राजे आणखी चौदा-पंधरा शतकं गुलाम बाळगत राहिले. 1452 मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना कायमचं दास्यात टाकायची परवानगी दिली. 1537 मध्ये पोप पॉल तिसरे यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करू नये असं फर्मान काढलं, पण तोवर जहाजं कधीच निघाली होती. अमेरिकेत गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 च्या आत्मचरित्राला शेवटी एक परिशिष्ट जोडलं: या देशातला ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत इतकं अंतर आहे की एकाला चांगला म्हणायचं तर दुसऱ्याला वाईट म्हणावंच लागेल. आमचा उगम पवित्र आहे असं कोणी छाती काढून म्हणालं की मला ते परिशिष्ट पुढे ठेवावंसं वाटतं. उगम पवित्र असेलही. पाणी आपण कसं वाहू दिलं, ते त्यात लिहिलंय.

आता आत्याकडे येतो, जर्मनीवरून वळसा घालून. 1940 पासून तिथे नाझी सरकार मनोरुग्ण, मतिमंद, अपंग माणसांना पद्धतशीर वायूनं मारत होतं. ऑगस्ट 1941 पर्यंत सत्तर हजारांवर माणसं मेली. सरकारी भाषेत ती जगायला नालायक होती. 3 ऑगस्ट 1941 ला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी व्यासपीठावरून हे उघड सांगितलं आणि विचारलं, आपण कामाचे आहोत तोवरच जगायचा हक्क का? हे तत्त्व एकदा मानलं तर म्हातारे झाल्यावर आपल्या सगळ्यांचं काय होईल, हेही त्यांनी ऐकणाऱ्यांपुढे ठेवलं. प्रवचनाच्या प्रती हातोहात पसरल्या. त्याच महिन्यात हिटलरनं ती मोहीम अधिकृतपणे थांबवली. हत्या पुढे गुपचूप चालूच राहिल्या. आणि याच बिशपनी ज्यूंच्या छळाविरुद्ध असा जाहीर आवाज उठवला नाही. प्रतिरूपाचं वाक्य त्यांनाही पाठ असणार. ते कोणाकोणाला लागू करायचं तिथे त्यांचाही हात आखडला.

युद्धानंतर, 1948 मध्ये, मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा झाला. त्या वेळच्या चर्चांतला एक किस्सा फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ जाक मारितँ सांगायचे. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या विचारसरणींचे लोक हक्कांच्या एका यादीवर सहमत कसे झाले, असं कुणीतरी आश्चर्यानं विचारलं. उत्तर आलं, सहमत आहोत, फक्त का ते विचारू नका! ब्राझीलच्या प्रतिनिधींनी पहिल्या कलमात देवाच्या प्रतिरूपाचा उल्लेख घालायचा प्रस्ताव आणला होता. चीनचे पी. सी. चांग यांनी आक्षेप घेतला, की हा मजकूर सगळ्या जगासाठी आहे आणि सगळं जग ख्रिस्ती नाही. प्रस्ताव मागे पडला. माझ्या मते चांग बरोबर होते. एका घरचं स्तोत्र साऱ्या गावाला बळजबरीनं गायला लावू नये. पण आज ते पहिलं कलम वाचताना मी अडखळतो. सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, त्यांना विचारशक्ती आणि सदसद्विवेकबुद्धी लाभलेली आहे, असं ते म्हणतं. लाभलेली आहे, कोणाकडून ते नाही; ते ठीक. पण विचारशक्ती ज्याच्या हातून निसटतेय त्याचं काय? देवाचं नाव गाळलं तरी ऑगस्टीनची अडचण तशीच मागे राहिली.

निकोलस वोल्टरस्टॉर्फ हे अमेरिकन ख्रिस्ती तत्त्वज्ञ या अडचणीला सरळ भिडतात. कोणतीही क्षमता घ्या, ती नसलेला माणूस सापडतोच. म्हणून माणसाचं मोल त्याच्या क्षमतेत शोधूच नका, देव त्याच्यावर प्रेम करतो यात शोधा, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते खटकलं. दुसऱ्यानं दिलेली किंमत म्हणजे उसनीच की. उद्या त्यानं काढून घेतली तर? मग एकदा आत्याच्या जुन्या वहीवर तिच्या अक्षरात लिहिलेलं तिचं नाव पाहिलं आणि वाटलं, माणसाजवळ सगळ्यात स्वतःचं म्हणावं असं जे असतं ते नावच, आणि तेच तेवढं कुणी स्वतः ठेवत नाही. दुसऱ्यानं ठेवलं म्हणून ते उसनं होत नाही.

आठव्या स्तोत्रात दावीद विचारतो, माणूस तो काय की तू त्याची आठवण करावी? स्मृतिभ्रंशावर लिहिणारे स्कॉटिश धर्मशास्त्रज्ञ जॉन स्विंटन, जे आधी मनोरुग्णांचे परिचारक होते, ते याच धाग्यावर बोट ठेवतात: माणूस काय आठवतो यापेक्षा तो कोणाच्या आठवणीत आहे, हे महत्त्वाचं. संदेष्टा यशया तर त्याहून कठोर आहे. आई आपल्या तान्ह्याला विसरेल एक वेळ, मी विसरणार नाही, असं तिथे देव म्हणतो. आईसुद्धा विसरू शकते हे मान्य करणारा ग्रंथ मला खरा वाटतो. तरी एक शंका उरते. देव आठवण ठेवतो म्हणून आपण सुटलो, असं तर आपण त्यातून काढत नाही ना? शोमरोन्याच्या दाखल्यात शास्त्री विचारतो, माझा शेजारी कोण? येशू गोष्ट सांगतो, वाटेत लुटून जखमी टाकलेल्या माणसाला याजक टाळून जातो आणि परका शोमरोनी उचलतो, अशी, आणि प्रश्नच फिरवतो: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? देवाला आठवण आहे हे त्या वाटेवरून आधी गेलेल्या याजकालाही ठाऊक असणारच.

आत्या शेवटच्या महिन्यांत फार बोलत नसे. एक प्रश्न मात्र तिच्याजवळ शिल्लक होता. खोलीत कोणी आलं की ती विचारायची, 'तू कोणाचा रे?' मी वडिलांचं नाव सांगायचो, तिच्या सख्ख्या भावाचं. ती मान हलवायची, 'असं होय', आणि दोन मिनिटांनी पुन्हा, 'तू कोणाचा रे?' एका दुपारी मी मोजलं. कंटाळा आला की मी मोजतो, ती माझी वाईट खोड आहे. सतरा वेळा वडिलांचं नाव सांगून झालं. अठराव्या वेळी मी खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हटलं, 'तुझाच.'

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, जरा वेळ घेऊन.

'असं होय,' म्हणाली. मग खिडकीबाहेर बघितलं, आणि परत माझ्याकडे वळून विचारलं, 'तू कोणाचा रे?'